गांवच्या शाळेची पैसेवारी

पीक उभें असतांना त्याची पैसेवारी लागते, आणि ती लागण्याच्या सुमारास आपल्या गांवांत केवढी जागृति येते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एरवीं ग्रामसभेकडे न फिरकणारा खातेदारहि त्या दिवसांत तलाठ्याची वाट पाहतो, शेजारच्या गांवास किती पैसे लागले याची चौकशी करितो, आणि आपल्या गांवचा आंकडा पन्नासाच्या वर गेला तर तो चुकीचा आहे हें दाखविण्यासाठीं तहसील कचेरीपर्यंत चपला झिजवितो. यांत गैर कांहींच नाहीं. सारासूट, वीजबिलांतील सवलत, कर्जवसुलीची स्थगिति हीं सर्व त्या एका आंकड्याभोंवतीं फिरतात. ज्यावर पोट अवलंबून आहे त्याचें माप नीट व्हावें हा आग्रह शहाणपणाचाच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, असा आग्रह गांवच्या जिल्हा परिषद शाळेविषयीं आपण कधींच धरलेला नाहीं.

शाळेचें माप म्हणून आपण जें पाहतों तें बहुधा भलतेंच असतें. इमारतीस रंग लागला आहे काय, दारांत कमान आहे काय, प्रजासत्ताकदिनीं मुलांनीं कवाईत चांगली केली काय, आणि फार झालें तर पटावर किती नांवें आहेत. परंतु पट म्हणजे पेरणीचें क्षेत्र होय. तालुक्यांत अमुक हेक्टर सोयाबीन पेरलें गेलें एवढ्यावरून खळ्यावर किती पोतीं येतील हें कोणी शेतकरी ठरवीत नाहीं. तो एकरी उतारा विचारतो. शाळेचा उतारा एकच: मूल समजून वाचतें काय, आणि साधा हिशेब करतें काय. बाकी सर्व त्यानंतर.

हा उतारा मोजण्याची एक रीत देशांत प्रचलित आहे, व ती कोणाहि शेतकऱ्यास समजेल इतकी सोपी आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून खेड्यांत घरोघर जाऊन मुलांची तपासणी होत आली आहे; तिच्या अहवालास ‘असर’ असें नांव आहे. मुलापुढें एक कागद धरतात. त्यावर कांहीं सुटीं अक्षरें, कांहीं सोपे शब्द, पहिलीच्या दर्जाचा चार ओळींचा मजकूर व दुसरीच्या दर्जाची एक लहानशी गोष्ट असते. मूल कोठपर्यंत वाचतें तें लिहून घ्यावयाचें, बस्स. २०२४ च्या अहवालांत असें दिसलें कीं, देशांतील खेड्यांत तिसरींत शिकणाऱ्या १०० मुलांपैकीं ती दुसरीची गोष्ट वाचूं शकणारीं सुमारें २७ होतीं. नुसत्या सरकारी शाळा घेतल्या तर २३. करोनाच्या साथींत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ सालीं, सरकारी शाळांचा हाच आंकडा १६ पर्यंत घसरला होता. दोन वर्षांत एवढी भरपाई झाली याचें श्रेय शिक्षकांच्या पदरांत घातलेंच पाहिजे. पांचवींत पोंचलेल्या १०० मुलांपैकीं तीन आंकडी संख्येस एका आंकड्यानें भागूं शकणारीं ३१ च्या आसपास निघालीं. महाराष्ट्राची स्थिति देशाच्या सरासरीहून बरी आहे खरी, परंतु तिसरीच्या वाचनांत आपण निम्म्यापर्यंतहि पोंचत नाहीं. पैसेवारीच्या भाषेंत बोलावयाचें तर हें पन्नास पैशांच्या आंतलें पीक झालें. शेतांत असें झालें असतें तर आपण कचेरीवर मोर्चा नेला असता.

तिसरीच कां, असें कोणी विचारील. चौथीपासून पुढें इतिहास, भूगोल, विज्ञान, गणितांतलीं तोंडी उदाहरणें, सर्व कांहीं वाचनावर चालतें. त्या वेळेपर्यंत ज्याला ओळ लागली नाहीं त्याची स्थिति पहिली कोळपणी चुकलेल्या रानासारखी होते. पुढें खत घातलें तरी तें तणालाच. शिवाय २०१० सालापासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें आठवीपर्यंत कोणास मागें ठेवावयाचें नाहीं असा नियम होता. २०१९ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, परंतु मधल्या वर्षांत न वाचणारें मूल वरच्या वर्गांत सरकत गेलें आणि बापास तें दहावीच्या निकालादिवशीं कळलें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ‘निपुण भारत’ या नांवाची मोहीम काढून २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेतों प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावें असें ठरविलें, तें याच कारणास्तव. आपल्या राज्यांत मात्र २०२५ च्या उन्हाळ्यांत पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी कीं नाहीं यावर महिनोन्‌महिने रण माजलें. एप्रिलांत निघालेला आदेश जूनअखेरीस मागें घ्यावा लागला. त्या सर्व गदारोळांत तिसरीच्या मुलास पहिली भाषा तरी वाचतां येते काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

ही शाळा सरकारची, आपला तिच्याशीं काय संबंध, असें म्हणणाऱ्यांनीं थोडा मागचा इतिहास आठवावा. मुंबई इलाख्यांत १८६० नंतरच्या दशकांत जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकलफंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांस म्हणून राखला गेला. म्हणजे खेड्यांतील शाळेचा पहिला वर्गणीदार शेतकरीच होय. ती पट्टी देणाऱ्या कुणब्याच्या मुलास मात्र शाळा दिसतहि नव्हती. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन देतांना जोतीराव फुले यांनीं नेमकें हेंच गाऱ्हाणें मांडलें: पैसा रयतेचा आणि विद्या वरच्या वर्गांची. इलाख्यांतील दहांपैकीं नऊ गांवांत प्राथमिक शिक्षणाची कसलीहि सोय नाहीं असें त्यांनीं दाखविलें, बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली, शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून तयार करावे असें सुचविलें, आणि वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतकीचें प्राथमिक ज्ञानहि शिकवावें असें म्हटलें. पुढें कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यांतल्या प्राथमिक शाळा १९२३ च्या कायद्यानें लोकलबोर्डांच्या स्कूलबोर्डांकडे आल्या, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे. पुष्कळ गांवीं तर शाळेची जागाहि कोणा शेतकऱ्यानें बक्षीसपत्रानें दिलेली असते. इतक्या पिढ्यांच्या पट्टीनें उभी राहिलेली ही मिळकत आपण आज कोणाच्या हवालीं करून बसलों आहों?

याचें उत्तर अप्रिय आहे, परंतु तें टाळण्यांत अर्थ नाहीं. सकाळीं आठाच्या सुमारास कोणत्याहि बागायती गांवच्या फाट्यावर उभें राहावें. पिवळ्या गाड्या येतात आणि ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे, विहिरीस पाणी आहे, त्यांचीं मुलें घेऊन तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे जातात. बापास कोणी दोष द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. आपलें मूल पुढें जावें असें कोणास वाटत नाहीं? परंतु पैसे मोजून घेतलेल्या मालाचाहि उतारा पाहावा लागतो. वर सांगितलेल्या पाहणींत खाजगी शाळांचा आंकडा सरकारी शाळांहून चांगला आहे. तरीहि त्या शाळांतील तिसरीच्या निम्म्याहून अधिक मुलांस ती दुसरीची गोष्ट वाचतां आली नाहीं. आणि जो फरक दिसतो तो सगळा शाळेचाच असतो असेंहि नाहीं. ज्या घरीं आई शिकलेली, दिवा आहे, वर्तमानपत्र येतें, त्या घरचें मूल कोठेंहि गेलें तरी थोडें पुढेंच राहतें. घरीं कोणास इंग्रजी येत नसतां मूल इंग्रजींत पाठांतर करूं लागलें म्हणजे बापास तें विद्वान वाटतें, कारण त्याचें काय चुकतें हें बापास कळत नाहीं. मराठींत चुकलें असतें तर आजीनेंहि कान धरला असता.

परंतु पिवळ्या गाडीचा खरा परिणाम तिच्यांत बसलेल्या मुलांवर नसून मागें राहिलेल्या शाळेवर होतो. कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस एक व्यवस्थापन समिति दिली आहे. तिच्यांतील निदान तीन-चतुर्थांश सभासद त्या शाळेंतील मुलांचे पालक असावे लागतात, व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. तरतूद उत्तम आहे. आतां पहा, मोठ्या खातेदारानें मूल काढून नेलें कीं पालक म्हणून त्याचा त्या समितींतला हक्क संपला. मागें उरले ते अल्पभूधारक, मजूर, गावकुसाबाहेरचे, वस्तीवरचे. या माणसांस आपल्या मुलाची कळकळ कोणाहून कमी नाहीं. परंतु सभा ठेवावयाची दुपारीं, आणि सभेस बसलें तर रोज बुडतो. गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरींत जाऊन दोन शब्द सुनावण्याची सवय नाहीं. आणि ज्याच्या शेतावर उद्यां कामास जावयाचें त्याच सरपंचापुढें शाळेच्या निधीचा हिशेब मागावयाचा म्हणजे केवढें धैर्य पाहिजे! ज्याच्या शब्दास कचेरींत वजन आहे तो शाळेस परका झाला, आणि ज्याची शाळा आहे त्याच्या शब्दास वजन नाहीं. सामाईक बांधाचें जें होतें तेंच शाळेचें झालें. दोघांनींहि नजर काढली आणि बांध वाहून गेला.

आतां शिक्षकांविषयीं. त्यांच्यांत कामचुकार नाहींत असें आम्ही म्हणणार नाहीं. कोणत्या धंद्यांत ते नाहींत? तथापि टीका करणारांनीं एक दिवस द्विशिक्षकी शाळेंत जाऊन बसावें. पट साठाच्या आंत असला म्हणजे शिक्षक दोन आणि इयत्ता चार किंवा पांच. त्यांतला एक मुख्याध्यापकाचें काम पाहणारा; त्याच्या मागें पोषण आहाराच्या तांदुळाचा हिशेब, मोबाईलवर भरावयाची माहिती, केंद्रावरची बैठक. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज अन्य कामास शिक्षकास लावूं नये असें कायदा सांगतो. परंतु निवडणुकीच्या पोटांत मतदारयाद्यांचें बारमाही काम येतें, आणि नवीन सर्वेक्षण निघालें कीं हुकूम प्रथम शाळेकडेच येतो. त्यांत २०१२ पासून कित्येक वर्षें शिक्षकभरती थांबलेली होती. एका गड्यानें चार ठिकाणचीं दारीं एकाच वेळीं धरावीं अशी ही अपेक्षा आहे. अशा स्थितींतहि सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकास २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु एका शेतकऱ्यानें एकरी विक्रमी ऊस काढला म्हणून तालुक्याची सरासरी वाढत नाहीं. आम्हांस पारितोषिकाच्या शाळेपेक्षां तिच्या शेजारच्या चार शाळांची चिंता अधिक आहे.

पट घटला म्हणजे पुढें काय येतें हें सरकारी आंकड्यांवरूनच दिसतें. २०२३ सालीं राज्यांत २० पेक्षां कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या व त्यांत सुमारें १ लाख ८५ हजार मुलें शिकत होतीं. त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ काढाव्या, मुलांस गाडीनें आणावें, असा प्रस्ताव त्या वर्षीं शिक्षणखात्यानें पुढें केला. आमच्या मतें ही कल्पना सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. सहावी-सातवीच्या पांच मुलांनीं एका खोलींत बसण्यापेक्षां मोठ्या शाळेंत प्रयोगशाळा व खेळगडी मिळणें चांगलेंच. परंतु पहिली-दुसरीचें सहा वर्षांचें पोर? श्रावणांत ओढा भरला कीं मोठ्या माणसास पलीकडे जातां येत नाहीं, तेथें त्याची गाडी कोठून येणार? आणि गाडी बंद पडली तर मुलगा कदाचित् चालत जाईल. मुलीची शाळा मात्र त्याच दिवशीं सुटेल. म्हणून निदान तिसरीपर्यंतची शाळा वाडीवरच राहिली पाहिजे, मग पट दहा असो वा पांच. कायद्यानेंहि पांचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आंत असावी असेंच धरलें आहे. परंतु न वाचणारी शाळा वांचवा असें कोणत्या तोंडानें सांगावयाचें? उतारा चांगला असेल तर लहान तुकडाहि कोणी पडीक टाकूं देत नाहीं.

आणखी एका वर्गाचा उल्लेख येथें केल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्यांचा संबंध आपल्यापैकीं पुष्कळांच्या शेताशीं येतो. दिवाळी झाली कीं बीडकडील टोळ्या गळीत हंगामासाठीं निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मूळ गांवच्या हजेरीपटावर मुलांचीं नांवें, आणि मुलें मात्र आपल्या फडाच्या कडेला कोपींत धाकटें भावंड सांभाळीत बसलेलीं. त्यांच्यासाठीं गांवीं हंगामी वसतिगृहें आहेत, कोठें साखरशाळा निघाल्या, शिक्षण हमी कार्डाचीहि योजना आहे. परंतु ज्या गांवीं टोळी उतरते तेथील शाळेंत वर्षाच्या मध्येंच, दाखला जवळ नसतांहि, या मुलांस बसण्याचा कायदेशीर हक्क आहे ही गोष्ट मुकादमास ठाऊक नसते व बागायतदार त्यास सांगत नाहीं. टोळी फडांत येतांच मालकानें मुकादमास चार शब्द सांगितले आणि पोरें शाळेच्या दारापर्यंत पोंचविलीं तर त्यास खर्च कसलाच नाहीं.

उपाय म्हणून आम्ही नवी योजना मागत नाहीं. योजना पुष्कळ आहेत. आम्ही मागतों ती पैसेवारी. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर लागते, आणि २ ऑक्टोबरास ग्रामसभा असते. त्याच आठवड्यांत शाळेच्या तिसरीच्या प्रत्येक मुलाचें वाचन ऐकावें. लहान गांवांत हीं मुलें आठ-दहा, मोठ्या गांवांत तीस-चाळीस. दोन तासांचें काम आहे. टोळीबरोबर जाणारीं मुलेंहि त्या वेळीं गांवींच असतात, म्हणून तींहि मोजलीं जातात. ऐकणारे व्यवस्थापन समितीचे पालक असावे, आणि त्यांच्याबरोबर ज्यांचीं मुलें बाहेर शिकतात असे दोघे खातेदारहि बसावे. समितींत मत नसलें तरी ग्रामसभेंत त्यांना मत आहेच. किती मुलें वाचतात एवढा आंकडाच सभेंत वाचून दाखवावा. कोणत्या मुलास येत नाहीं हें नांव मात्र चौघांत उच्चारूं नये; तें शिक्षकास व आईबापास ठाऊक असलें म्हणजे पुरे.

येथें एक धोका आहे. पीक कापणी प्रयोगाचा तुकडा चिठ्ठीसारखा कोठेंहि निघावा असा नियम कां आहे हें आपण जाणतों. नाहींतर पाटलाच्या पाणथळींतला तुकडा कापून सगळ्या गांवास भरघोस पैसे लागले असते. तसेंच येथें नेहमींच्या पुस्तकांतला पाठ देऊं नये, कारण तो मुलांस तोंडपाठ असतो आणि डोळे मिटूनहि म्हणतां येतो. शिवाय हा आंकडा शिक्षकाच्या पगाराशीं वा बदलीशीं जोडूं नये. तसें केलें कीं दुसऱ्या वर्षीं सर्व मुलें वाचूं लागतील, पण फक्त कागदावर.

आंकडा पन्नासाच्या आंत आला तर मग शिक्षकाशीं बोलणें सोपें होतें. रोज एक तास इयत्तेचा विचार बाजूस ठेवून, ज्यास अक्षर येत नाहीं त्याचा एक गट, शब्दावर अडणाऱ्याचा दुसरा, ओळ वाचणाऱ्याचा तिसरा, असें बसवून शिकविण्याची पद्धति आपल्याकडे अजमावून झालेली आहे व तिचा गुण आलेला आहे. माळाला आणि मळईला एकच पाणी आपण देत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. दोन शिक्षकांच्या शाळेस तर ती विशेष सोयीची. गांवांत पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारी एखादी मुलगी किंवा मुलगा असतोच. ग्रामपंचायतीनें थोडें मानधन दिलें तर तो एक तास तेवढ्यानें निभावतो. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर पंचायत समितीकडे ग्रामसभेचा ठराव जावा, व त्यांत वाचनाचा आंकडा लिहावा. नुसत्या विनंतीअर्जापेक्षां आंकड्यास उत्तर देणें कचेरीस भाग पडतें.

दुसरी मोजणी माघांत, त्याच मुलांची, परंतु निराळ्या मजकुरावर करावी, आणि जीं मुलें त्या वेळीं वर्गांत नसतील तीं कोणत्या कारखान्याकडे गेलीं आहेत याची नोंद ठेवावी. सामान फार लागत नाहीं. सुटीं अक्षरें, दहा शब्द, चार ओळी व एक लहानशी गोष्ट, एवढें एका कागदावर गांवांतल्याच कोणी सुवाच्य हातानें लिहून काढावें. गोष्ट बैलाची, विहिरीची, बाजाराची असावी. अक्षरें मात्र ठसठशीत काढावीं, कारण पुष्कळ वर्गांत उजेड दारांतूनच येतो आणि बिल थकल्यानें वीज असेलच असें नाहीं.